केराच्या डब्यातलं पठण

अंकाऱ्यातल्या जेबेजी भागात, तिसऱ्या मजल्यावर राहणारा नेजदत टेलिफोन खात्यात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात यंत्रांवर संगीत रचायचा. वाद्य एकही नाही. एक जुना टेपरेकॉर्डर, दाढीचं पातं, चिकटपट्टी आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेले फितीचे तुकडे. कायसेरीत शिंपी बापाच्या मशीनची टरटर ऐकत तो वाढला, तेव्हापासून आवाजच वेचत आला. पंधरा वर्षांत त्याची एकही रचना कुणी मागितली नव्हती. आता पहिल्यांदाच रेडिओने मागितली होती, शुक्रवारी पाचच्या आत.

गुरुवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला, तर त्याची आई, मुकद्देस हानम, केराचा डबा पुढ्यात घेऊन बसलेली. ती फितीचा एकेक तुकडा उचलून ओठांना लावत होती, कपाळाला टेकवत होती आणि धुतलेल्या रुमालावर ठेवत होती. जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा तिकडे उचलून ओठांना लावतात, तसंच.

"नेजदत, ह्यात काय आहे?"

वडिलांच्या आत्म्यासाठी ती दर गुरुवारी कुराणातलं यासीन म्हणे. वसंतात ते त्याने टेपवर घेतलं होतं, तीही हौसेने बसली होती. पवित्र शब्दांना संगीतात ओढायचं धाडस त्याला होईना, म्हणून त्याने शब्द कापून टाकले आणि आयतींच्या, म्हणजे वचनांच्या, मधले तिचे श्वास तेवढे ठेवून त्यांची रचना केली. केलं ते आदरापोटीच. पण कापलेलं कुठे पडतंय, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हणजे अल्लाचे शब्द केरात आणि माझी धाप रेडिओवर," आई शांतपणे म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आई, खोली मीच झाडली," त्याची बायको नेरिमान मध्ये पडली. "ह्यांच्याकडे केर कोणता नि संगीत कोणतं, मला कुठं कळतं?"

"तुझा नाही दोष, सूनबाई. लेका, आधी हे होतं तसं जोडून दे. मी मनापासून दिल्याशिवाय माझा श्वास ह्या दाराबाहेर जायचा नाही. नेलास तर तुझ्यावर हराम."

त्याने रजा टाकली. तुकड्यांवर खुणा नव्हत्या, आणि यासीन त्याला पाठ नव्हतं. तो एकेक तुकडा हाताने यंत्रावरून ओढायचा, आवाज कधी घोगरा तर कधी किरटा यायचा. आई डोळे मिटून ऐकायची. "ही बारावी. ही त्याच्या पुढची." तो तिरपा काप जुळवून पट्टी लावायचा. चुकून एक जोड उलटा बसला, आणि त्याने घाबरून आईकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली. त्याने तो सोडवला.

शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, एक आयत सापडेना. डबा पुन्हा उपसला, गालिचा झटकला. ती गेलीच होती, बहुतेक बुधवारच्या कचऱ्यात.

जोडलेलं त्याने लावलं. शब्दांमागून शब्द आले, कुठेही न थांबता.

"मी श्वासच घेत नाहीये की," आई हळूच म्हणाली. "ह्यातली बाई जिवंत नाही, नेजदत."

साडेतीन वाजले होते. रेडिओ आता राहिला, असं त्याने मनाशी धरलं आणि तिच्यापुढे माईक ठेवला. हरवलेली आयत तिने नव्याने म्हटली. मध्येच दम तुटला, ती थांबली, लांब श्वास घेऊन पुढे गेली. तो आयतीचा तुकडा जागेवर चिकटवताना त्याने त्या श्वासाला पातं लावलं नाही.

आईने ते रीळ धुतलेल्या रुमालात बांधलं आणि उंच फळीवर ठेवायला सुनेकडे दिलं. मग नेजदतच्या रचनेचं रीळ स्वतः त्याच्या हातात ठेवलं.

"शब्द माझे नव्हतेच, ते मी काय द्यायचे? दम माझा आहे. दिला तुला."

"राग गेला का, आई?"

"नाही गेला. निघ आता, दोलमुश टॅक्सी चुकेल."