वत्सलाबाईंच्या डोक्यातला पांढरा डाग

एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस अर्धा तास गप्प पडून राहतो आणि बाहेर आला की तासभर बोलतो. मी टेक्निशियन, ऐकणं हेही माझंच काम! आमच्या खामगावच्या सेंटरवर असे किस्से साचतच जातात. त्यातले माझे लाडके, वत्सलाबाईंचे.

बाई वरवट बकाल गावच्या. वर्षापूर्वी मेंदूतली गाठ काढली, मग रेडिएशन झालं. आमच्याकडे त्याला 'शेक' म्हणतात. आता डावा हात लुळा पडत चाललेला, आणि फिल्ममध्ये पांढरा डाग. शहरातले डॉक्टर म्हणाले, गाठ परत आली, पुन्हा ऑपरेशन! आमच्या डॉक्टर मॅडमना मात्र शंका होती. शेकानं मेंदू भाजला तरी डाग असाच दिसतो. म्हणून वेगळा स्कॅन ठरला.

*

"काकू, अंगावरचं धातूचं सगळं काढा," मी म्हटलं. मंगळसूत्र कसंबसं निघालं, जोडव्यांपाशी गाडी अडली.

"मालक जित्ते हायेत माहे!"

मालक म्हणजे रामभाऊ, दारातच उभे होते. "आन इकडं, मी घालतो!" म्हणाले. बाई बाहेर येईपर्यंत गडी करंगळ्यांत जोडवी घालून वेटिंगमध्ये बसला होता.

*

त्या मशीनचा आवाज भल्याभल्यांना घाम फोडतो. मध्येच आवाज थांबला, तसं मी माइकवर विचारलं, "काकू, ठीक ना?"

"मी ठीक हाय. तुमचं मशीन काऊन थकलं?"

*

शेक नेमका कुठे बसला ते बघायला मॅडमना तेव्हाची सीडी हवी होती. रामभाऊ डोकं खाजवायला लागले.

"ते तं वावरात टांगली हाय जी. पाखरं लय येतात!"

दुसऱ्या दिवशी ज्वारीतून सोडवून आणली. मॅडमनी स्वतः साबणानं धुतली. दोन कॉम्प्युटरनी नाक मुरडलं, तिसऱ्यावर चालली! डाग बरोबर तिथेच होता, जिथे शेक सगळ्यात जास्त बसला होता.

*

मग मॅडमनी नव्या स्कॅनचं रंगीत चित्र दाखवलं. "गाठ असती तर रक्त ओढून घेतलं असतं, इथे लाल दिसलं असतं. हे निळं आहे."

रामभाऊ चित्रावर वाकले. "म्हंजे वावरात तन नाही उगवलं. जमीनच भाजली हाय."

"अगदी तेच!" मॅडम म्हणाल्या. शहरातल्या डॉक्टरांनाही पटलं. ऑपरेशन थांबलं, औषधं सुरू झाली. पटलं नाही ते फक्त बाईंना. "पहिले डाग जाऊ द्या," म्हणाल्या.

*

तीन महिन्यांनी डाग निम्म्याहून कमी! मॅडम धावतच वेटिंगमध्ये आल्या. "वत्सलाबाई, गाठ नाहीच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामभाऊ रडले. खरं सांगतो, मीही रडलो.

बाई नाही रडल्या. त्यांनी डाव्या हातानं फोन उचलून कानाला लावला.

"हालो, नणंदबाई? मी काही आता मरत नाही म्हणे. ऑपरेशनच्या भेवानं तुमाले साड्या वाटल्या होत्या न, त्या साऱ्या वापस आणा. आन नेसल्या असान तं धुऊन, इस्त्री करून!"