मातीतून आलेली वाढ

एरवी लेक माझं ऐकत नाही याची मला काळजी असते. आज ऐकेल याची आहे.

ती प्रयोगशाळेत एका औषधी वेलीच्या मुळांचा अर्क काचेच्या ताटलीतल्या रोगप्रतिकारक पेशींना घालते आणि त्या किती वाढतात ते मोजते. पेशींना भरवायला रविवारीही जाते.

"एवढी माया आईवर कर," मी चिडवते.

"तू कुठे ताटलीत मावतेस?"

तीन वर्षं पेशी भराभर वाढत होत्या. परवा तिने अर्कातला जंतूंचा अंश काढून टाकला, तर पेशी ढिम्म. म्हणजे ती वाढ वेलीमुळे नव्हतीच. मुळांना चिकटलेल्या मातीतल्या जंतूंमुळे होती. उद्या सकाळी तिचे मार्गदर्शक सर तिचा शोधनिबंध छापायला पाठवणार आहेत.

"आई, सरांना सांगू ना?" तिने संध्याकाळी फोनवर विचारलं.

"तीन वर्षं पाण्यात जातील. गप्प बस," मी म्हणाले. ती नुसतं "बरं" म्हणाली.

शाळेत चुकून जास्त मिळालेले दोन गुण बाईंकडे जाऊन कमी करून आणणारी पोर ही. तेव्हा शेजारीपाजारी कौतुक सांगत मीच हिंडले होते.

झोपमोड केली म्हणून बोलणी खाईन, पण आत्ताच फोन लावते. सरांना सांग म्हणते.