आयसीयूच्या दारातली आकांक्षा तौर

आकांक्षा तौरचं नाक पहिल्यांदा मोडलं ते गोव्यात, फुटबॉलच्या भर सामन्यात. कॉर्नरवरून आलेला चेंडू धरायला ती उडाली आणि समोरच्या खेळाडूचं कोपर सरळ तिच्या तोंडावर बसलं. नाकात कापूस कोंबून तिनं उरलेला सामना खेळून काढला, एकही गोल होऊ दिला नाही. सामना संपल्यावर त्या पोरीला ड्रेसिंग रूमबाहेर गाठलं आणि तिच्या नाकावर तसाच एक ठोसा ठेवून दिला. त्यापायी तिच्यावर बंदी आली. बंदी उठल्यावर ती पुन्हा गोलमध्ये उभी राहिली, पहिल्यापेक्षा जास्त तापट.

जांब समर्थजवळच्या एका खेड्यात तिच्या वडिलांची, काकासाहेबांची मोसंबीची बाग होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाडू निवडायला साहेब आले, त्यांनी या पोरीचे लांब हात बघितले आणि सरकारी क्रीडा प्रबोधिनीत नेलं. तिथून ती गोलकीपर झाली. पुढं गोवा, कोलकाता, बंगळूर, जिथला क्लब बोलवील तिथं खेळली. गावात मात्र तिचा खेळ कुणी पाहिला नव्हता. तौरांची पोरगी कबड्डी खेळते, असंच बरेचजण सांगायचे.

तिशी ओलांडली आणि उजवा खांदा निखळायला लागला. एकदा सामन्यात, एकदा सरावात, एकदा तर झोपेत कूस बदलताना. डॉक्टरांनी सांगितलं, आता बास. पुढच्या हंगामाला क्लबचा फोन आलाच नाही. दोन बॅगा घेऊन ती घरी आली.

शाळेत खेळाची बाई व्हायला पदवी लागत होती, ती नव्हती. पोलीस भरतीचं वय निघून गेलं होतं. आई सगुणाबाई रोज एकच विषय काढायची.

"आता तरी लगन कर माय. किती दिवस अशी बसून राह्यशील?"

शेवटी मावसभावानं जालन्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात लेडी गार्डची जागा असल्याचं सांगितलं. आकांक्षानं निळा शर्ट चढवला आणि दुसऱ्या मजल्यावर आयसीयूच्या दाराशी उभी राहिली. लोक तिला 'ए सिक्युरिटी' म्हणून हाक मारायचे. तिच्या वरचा कडूबा नावाचा माणूस आधी होमगार्डमध्ये होता. त्यानं पहिल्याच दिवशी काम समजावलं.

"हे बघा मॅडम, गर्दी तापली का पोलिसाला फोन लावायचा आन् बाजूला व्हायचं. आपल्याला मार खायचा पगार न्हाई."

मे महिन्यात अंबडच्या रस्त्यावर वाळूच्या टिप्परनं एका मोटारसायकलला उडवलं. आदिनाथ नावाचा जवान पोरगा डोक्याला मार लागून आयसीयूत आला. त्याचा थोरला भाऊ हरिओम रात्रभर जिन्यात बसून होता. सकाळपासून तो जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता. आकांक्षालाही त्यानं तीन-चारदा विचारलं.

"ताई, कसा हाय माझा भाऊ? बोलून राह्यला का?"

"डॉक्टर सांगतील दादा," ती म्हणायची. तिला तेवढंच बोलायची परवानगी होती.

दुपारी आदिनाथ गेला. दाराच्या काचेतून आकांक्षानं पाहिलं. आयसीयूतली तरुण डॉक्टर जान्हवी पलंगावर चढून त्याची छाती दाबत होती, दाबत राहिली, आणि मग खाली उतरून भिंतीला टेकून उभी राहिली. हॉस्पिटलचे मालक डॉक्टर मार्तंड बाहेरगावी होते. त्यांनी फोनवर सांगितलं, पोलीस बंदोबस्त येईपर्यंत नातेवाइकांना काही सांगू नका. बंदोबस्त दुसरीकडं अडकला होता. हरिओम पुन्हा वर आला, पुन्हा विचारलं, आणि आकांक्षानं पुन्हा तेच उत्तर दिलं.

मग कुणा वॉर्डबॉयच्या तोंडून खालच्या चहाच्या टपरीवर ते निसटलं. नेमकं तेव्हाच गावाहून माणसांनी भरलेला टेम्पो दारात येऊन थांबला होता.

आधी काचेचा आवाज आला. रिसेप्शनचा मोठा काचेचा दरवाजा दगडानं फुटला. कॉम्प्युटर उचलून जमिनीवर आपटले गेले. तिथल्या नर्सला कुणीतरी केस धरून ओढलं. कडूबा बाजूला व्हायला निघाला होता, पण नर्सची किंकाळी ऐकून मागं फिरला आणि लोखंडी खुर्ची त्याच्या डोक्यात बसली. तो काउंटरला धरून खाली घसरला, शर्ट रक्तानं भिजला. जमाव त्याला ओलांडून जिन्यानं वर आला.

आयसीयूच्या दाराची कडी कित्येक दिवस मोडलेली होती. आत तीन पेशंट व्हेंटिलेटरवर होते, जान्हवी होती आणि एक नर्स. दोघी आतून पलंग ढकलून दाराला लावत होत्या. आकांक्षा दाराला पाठ लावून उभी राहिली.

"सरक!" हरिओम ओरडला. त्याच्या हातात सलाइनचा स्टँड होता.

"दादा, आत मशिनीवर पेशंट हायेत."

"माझा भाऊ मारला तुम्ही! सरक म्हणून राह्यलो ना!"

स्टँड फिरला. गोलमध्ये उभं राहून बघायची तशी ती त्याच्या डोळ्यांकडं नव्हे, कमरेकडं बघत होती. तिला घाव कुठून येणार ते कळलं, म्हणून डोकं वाचलं. डावा हात आडवा घातला आणि मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दुसऱ्या कुणीतरी भिंतीवरचं आग विझवायचं लाल सिलिंडर काढून दाराच्या काचेवर फेकलं. तिनं उजवा हात लांबवून ते बाजूला ढकललं. सिलिंडर भिंतीवर आदळलं आणि तिचा खांदा जागचा निसटला. लाथा पोटात बसत होत्या. कुणीतरी कानाखाली मारलं, ओठ फाटला. ती दार सोडेना.

हरिओमनं स्टँड पुन्हा उगारला तेव्हा तिनं त्याच्या गुडघ्यावर बुटाची लाथ घातली. तो वाकला. तिनं कपाळ त्याच्या तोंडावर आपटलं. तो खाली पडला.

तिथं थांबली असती तर वेगळी गोष्ट. ती थांबली नाही. दोन्ही हात निकामी होते, तर ती पायांनी मारत राहिली. तो हात वर करून काहीतरी म्हणत होता, तरी मारत राहिली. त्याचा जबडा मोडला, दात फरशीवर सांडले. बाकीची माणसं ते बघून जिन्यापर्यंत मागं सरकली. पोलीस आले तेव्हा दोन शिपायांना तिला त्याच्यावरून ओढून काढावं लागलं.

आतल्या तिन्ही पेशंटना काही झालं नाही.

जिन्यातल्या कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. जो व्हिडिओ जिल्हाभर फिरला त्यात ती दाराशी उभी होती, स्टँड हातावर घेत होती, डोकं मारत होती. पुढचं कापलेलं होतं. चौकात तिचे फ्लेक्स लागले, फोटोच्या मागं वाघीण. अंबडला तातेराव नावाच्या पुढाऱ्यानं सत्कार ठेवला. एका हाताला प्लास्टर, दुसरा गळ्यात बांधलेला, म्हणून शाल तिच्या खांद्यावर टाकून नारळ शेजारच्याच्या हाती दिला. नंतर तातेरावांनी तिला बाजूला घेतलं.

"आपल्यासंगं गाडीत राहायचं. कुणी आडवा आला तर तुला माहीतच हाय काय करायचं. पगाराची चिंता सोडून दे."

ती विचार करते म्हणाली. खरं तर तिला हो म्हणावंसं वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातांना मागणी घातली होती.

घरी गेली तर काकासाहेब बसस्टँडवर, पारावर, भेटेल त्याला तो व्हिडिओ दाखवत होते.

"बंद करा ते बाबा."

"का गं? अख्खा गाव पाहून राह्यला."

"माझा एक बी सामना तुम्ही पाह्यला न्हाई. आन् हे पाहून राह्यले."

काकासाहेबांनी फोन खिशात घातला. त्यांना राग आला होता की लाज वाटली होती, ते तिला कळलं नाही.

प्लास्टर निघायच्या आधी एका सकाळी जालन्यातल्या तिच्या खोलीचं दार वाजलं. दारात हरिओम होता, जामिनावर सुटलेला, जबडा तारांनी बांधलेला. त्याच्या मागं त्याची आई सोनूबाई, पदर तोंडाशी धरून. आकांक्षानं पायानं दार लोटायला घेतलं.

"मारायला न्हाई आलो," तो दातांच्या फटीतून म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हते. "एक इचारायचंय. आदिनाथ कधी गेल्ता?"

"दुपारी. जेवणाच्या आधी."

"मी वर आल्तो, तुला इचारलं. तवा?"

"तवा तो गेल्ता."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

हरिओमची मूठ वळली. आकांक्षानं ती वळताना पाहिली. मोडक्या हातानं काही करता येणार नव्हतं, आणि काही करावंसं वाटतही नव्हतं. सोनूबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"लेकराजवळ कोन होतं गं जाताना?"

आकांक्षानं सांगितलं. डॉक्टर पलंगावर चढली होती, छाती दाबत होती, घामानं निथळली होती, तिचे हात थरथरायला लागले तरी सोडत नव्हती. नर्सनं त्याचे पाय धरले होते. एकटा नव्हता तो. म्हातारी तिथंच उंबऱ्यावर बसली. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलानं नाही, हॉस्पिटलनं तर नाहीच.

हरिओमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कडकच होता. "तुझा हात मोडला त्याचं मला वाईट न्हाई वाटत. अजून बी न्हाई."

"मला बी तुमच्या दातांचं न्हाई वाटत," ती म्हणाली. तो आईला उठवून घेऊन गेल्यावर मात्र ती बराच वेळ दाराशी बसून राहिली, आणि त्यानं वर केलेले हात तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

तातेरावांना तिनं नकार कळवला. जान्हवीला घेऊन ती डॉक्टर मार्तंडांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, पेशंट गेला की लगेच सांगायचं. बंद खोलीत, बसवून, डॉक्टरनं स्वतः. सोबत गार्ड असेल, पण काठी नसेल.

"तू गार्ड आहेस," मार्तंड म्हणाले. "हॉस्पिटल कसं चालवायचं ते मला शिकवू नकोस."

"मग माझा राजीनामा घ्या सर," जान्हवी म्हणाली. "मला त्या दिवशी खाली जाऊन सांगायचं होतं. तुम्ही थांबवलंत."

मार्तंडांनी मान्य केलं. पटलं म्हणून की फुटलेल्या काचा पुन्हा बसवायच्या नव्हत्या म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. डोक्यात टाके पडलेला कडूबा हे ऐकून हादरला.

"म्हंजे आता आपण मार खायला खोलीच्या आत जायाचं?"

"मार कसा खायचा ते शिकवते ना," आकांक्षा म्हणाली.

हॉस्पिटलच्या गच्चीवर सकाळी जुन्या गाद्या टाकून तिनं सुरुवात केली. पडायचं कसं, डोकं कसं वाचवायचं, धक्का आला तर खांद्यावर कसा घ्यायचा, तळवे उघडे ठेवून उभं कसं राहायचं. आणि समोरचा पडला की मागं सरकायचं, ते ती सगळ्यात जास्त वेळा करून घ्यायची. कडूबा आधी कुरकुरत पडायचा, मग आवडीनं पडायला लागला. हळूहळू शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलांतूनही तिला बोलावणं यायला लागलं.

खटला उभा राहिला तेव्हा हरिओमच्या वकिलानं तिला विचारलं, माझा अशील पडल्यानंतरही तुम्ही मारलं का?

"मारलं," ती म्हणाली. "तो हात वर करून सांगत होता तरी मारलं."

सरकारी वकिलानं कपाळाला हात लावला. तिच्यावरही गुन्ह्याचं कलम लागेल का, ते अजून ठरायचं आहे. तारखा पडत आहेत.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता परतूरकडची उषाबाई नावाची बाई डेंग्यू झालेल्या लेकीला घेऊन आली. मुलगी कॉलेजात शिकणारी. तिसऱ्या दिवशी ती गेली. जान्हवीनं उषाबाईला आणि तिच्या दोन भावांना खोलीत बसवलं, समोर बसली आणि सरळ शब्दांत सांगितलं. आकांक्षा भिंतीशी उभी होती.

उषाबाई उठली ती थेट जान्हवीच्या अंगावर. आकांक्षा मध्ये आली. पहिली चापट गालावर बसली, दुसरी कानावर. मग उषाबाईच्या मुठी तिच्या छातीवर, मानेवर, दुखऱ्या खांद्यावर पडायला लागल्या. नखं गालात रुतली आणि रक्त आलं. दोन्ही भाऊ खुर्च्या सारून उठले, तसा बाहेरून कडूबा आत धावला.

"थांबा कडूबामामा," आकांक्षा म्हणाली. "मारू द्या त्यांला."

तिनं हात खालीच ठेवले होते. उषाबाईनं तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला. भाऊ जागीच थिजले. एकानं पुढं होऊन बहिणीला धरायचा प्रयत्न केला तर तिनं त्यालाही मारलं. मग एकाएकी तिच्यातला जोर संपला आणि ती आकांक्षाच्याच अंगावर कोसळली. आकांक्षा तिला धरून फरशीवर बसली.

"पाणी मागितलं का गं तिनं?" उषाबाई विचारत राहिली. "पाणी मागितलं का?"

जान्हवीनं शेजारी बसून जे होतं ते सांगितलं.

संध्याकाळी ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा उषाबाईनं आकांक्षाचं मनगट धरलं होतं, ते काही केल्या सोडेना. म्हणून आकांक्षा तशीच आत बसली आणि परतूरपर्यंत गेली. घरी उतरवून, बायकांच्या स्वाधीन करून ती स्टेशनवर आली आणि जालन्याकडं जाणाऱ्या गाडीत बसली. समोरच्या बाकावरची बाई तिच्या गालावरचे ओरखडे, सुजलेला कान आणि निळा शर्ट बराच वेळ न्याहाळत होती.

"कुनी मारलं गं तुला?" तिनं शेवटी विचारलं.

"एका आईनं," आकांक्षा म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.