साडेतीन लाखांची आंघोळ

धडगावच्या पेठेत सुमेरमल शेठचं किराणा दुकान आहे. दुकानामागे त्यांचं घर, आणि त्या घराच्या मोरीला लागून माझं स्वयंपाकघर. मध्ये एका विटेची भिंत. ती बांधताना शेठनी सिमेंटात काटकसर केली, म्हणून ही गोष्ट मला सांगता येते आहे.

शेठच्या बायकोचं नाव दाखूबाई. मी तिला काकी म्हणते. चौऱ्याहत्तर वर्षांची, काडीसारखी, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेली. लग्न होऊन मारवाडातून थेट या डोंगरात आली आणि इथली अहिराणी अशी बोलायला लागली की शहाद्याकडची मी तिच्यापुढे कच्ची ठरते. कोणाला उलटून बोलणार नाही, मुंगी दिसली तर पाय उचलून तिला वाट देईल. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय वापरायचं नाही आणि आंघोळीला अर्धीच बादली घ्यायची, हा तिचा नियम. पाण्यातही जीव असतात. आपल्या अंगाचा मळ काढायला किती जीव घ्यायचे, असं ती विचारते. हा विचार माझ्या नवऱ्याला, छगनला, फार पटतो. हिवाळ्यात तो चार-चार दिवस एकही जीव घेत नाही.

पण अर्ध्या बादलीला अर्धा तास कसा लागतो, हे त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. मला माहीत होतं. घर दुकानामागे म्हटल्यावर दिवसभर हमाल, गिऱ्हाईक, पाहुणे. मोलगीच्या बाजाराला निघालेला प्रत्येक व्यापारी चहाला आत. दार लावून बसता येईल अशी त्या घरात एकच जागा होती, ती म्हणजे मोरी. कडीचा खटका वाजला की काकी तोंड सोडायची. शेठ मुडदा. बारशाला चांदीचा म्हणून गिलटाचा वाळा देणारा दीर मुडदा. आणि वीस वर्षांपूर्वी नेलेली पितळी परात अजून परत न करणारी नणंद, तिच्यासाठी तर खास मारवाडातून आणलेल्या शिव्या. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसून याच सगळ्यांची ती हात जोडून क्षमा मागायची. रोजची उधारी रोज चुकती. मला तर वाटतं माणसाने असं स्वच्छ व्हावं, नुसत्या पाण्याने काय होतं.

त्या अर्ध्या तासात मी मिक्सर लावत नसे.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी काकी परातीपर्यंत आली आणि आवाज मध्येच तुटला. परातीचा विषय ती अर्धवट सोडणं शक्यच नव्हतं. मी कणकेच्या हातांनी धावले, ओरडून सगळ्यांना गोळा केलं. दुकानातल्या हमालाने, उदेसिंगने, पहारीने दार उचकटलं. काकी फरशीवर पडलेली, मनगट मोडलेलं, आणि तशातही धड असलेल्या हाताने साडी अंगावर ओढत होती. उदेसिंगने पाठ फिरवली ती पुढे महिनाभर त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मला कसं कळलं, हे काकीने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

हाड जुळलं. पण मोरीच्या नव्या दाराला शेठनी कडी लावू दिली नाही. सून रिंकू रोज दार अर्धं उघडं ठेवून तिथे उभी राहायची. रिंकू वाईट नाही, पण उभ्या उभ्या फोन बघायची आणि मध्येच विचारायची, मम्मीजी, झालं का. काकीची आंघोळ पाच मिनिटांत उरकायला लागली. भिंतीपलीकडून नुसता पाण्याचा आवाज. काकी दिवसेंदिवस सुकत चालली. जेवण निम्मं झालं, बोलणं त्याहून कमी, आणि एकदा तर ती मुंगीवर पाय देऊन गेली. मी पाहिलं. मला तिची फार काळजी वाटायची आणि, खरं सांगते, सकाळी करमायचंही नाही.

अशात तिच्या मुलाने, जिनेशने, फोनवर तो टब पाहिला. म्हाताऱ्या माणसांसाठी, बाजूला दार असलेला. दार उघडून चालत आत जायचं, आतल्या बैठकीवर बसायचं, दार लावायचं आणि मग पाणी सोडायचं. तो भरेपर्यंत उघड्या अंगाने बसायचं आणि रिकामा होईपर्यंत पुन्हा तसंच बसायचं, कारण मध्येच दार उघडलं तर सगळा पूर दुकानातल्या साखरेच्या पोत्यांपर्यंत. जिनेशने कोणाला न विचारता पन्नास हजार आगाऊ भरले. ते परत मिळणारे नव्हते.

सुरतेहून टबवाला माप घ्यायला आला. घाट चढताना त्याला दोनदा उलटी झाली होती, त्यामुळे सौदा सुरू होण्याआधीच शेठची बाजू भारी होती. बैठकीत मीही होते. बोलावलं कोणी नव्हतं.

टबाचे दोन लाख साठ हजार. बसवण्याचे चाळीस. मोरी अरुंद, म्हणजे भिंत फोडून पुन्हा बांधायची, त्याचे वीस. घाटातून पिकअप आणायचे दहा. एका आंघोळीला दोनशे लिटर पाणी, म्हणजे गच्चीवर नवी टाकी आणि मोठा गिझर, त्याचे तीस. भिंत फोडायची ती माझी नाही ना, एवढं मी विचारून घेतलं. नव्हती.

शेठनी चष्मा पुसला आणि विचारलं, किलोला काय भाव पडतो. टबवाल्याने पाणी मागितलं. मग शेठनी विचारलं, यात एवढं महाग काय आहे. तो म्हणाला, दार. थेंबभर गळत नाही असं दार. तर मग, शेठ म्हणाले, दार काढून द्या आणि त्याचे पैसे कमी करा. जिनेशने कपाळाला हात लावला. आईने काय उडी मारून आत जायचं का, असं त्याने विचारलं, तेव्हा शेठ म्हणाले की लहान स्टूल दुकानात पडलंय. पण आगाऊ दिलेले पन्नास हजार बुडत होते. ते बुडू नयेत म्हणून आणखी तीन लाख घालायला शेठ तयार झाले. याला धंदा म्हणतात, असं छगन मला सांगतो. सौदा साडेतीन लाखांवर ठरला.

तेव्हा आतून काकी आली. सौद्याच्या वेळी ती कधी बैठकीत येत नाही. तिने एवढंच सांगितलं की आधी मोरीच्या दाराला आतून कडी बसवा, मग टब आणा. जिनेश म्हणाला, मम्मी, कडी नको, पुन्हा पडलीस तर?

"तीन लाखना टबमा बशीसन बी मी पडसू, तं टब कसाले ली ऱ्हायना?" काकी म्हणाली. "आन पडसू नही, तं कडी कसाले काढी?"

टब घेता कशाला आणि कडी काढली कशाला, दोन्ही प्रश्न एकदमच. शेठ टबवाल्याकडे पाहायला लागले, जणू उत्तर त्याने माप घ्यायच्या टेपबरोबर आणलं असेल. जिनेश म्हणाला, तरीपण, काही झालं तर आम्हाला कळणार कसं?

"गजराले समजस," काकी म्हणाली. "ती रोज ऐकस."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेठनी विचारलं, काय ऐकता? मी म्हटलं, पाण्याचा आवाज. काकीने पदर तोंडावर घेतला. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा हसत होती.

टब आला तेव्हा काठी गावच्या होळीला निघालेल्या जीपसुद्धा पेठेत थांबल्या. कोणी म्हणालं ही म्हशीला पाणी पाजायची कुंडी, कोणी म्हणालं यात बसवून माणसाचा फोटो काढतात. शेठ विचारणाऱ्या प्रत्येकाला किंमत सांगत होते, दर वेळी थोडी वाढवून.

टब बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिंकूने गाळलेल्या पाण्याची अर्धी बादली नेली, काकीच्या सांगण्यावरून ती टबाच्या आत बैठकीजवळ ठेवली आणि बाहेर आली. नळाला काकी हात लावणार नव्हती. गच्चीवरची नवी टाकी तुडुंब भरलेली तशीच राहिली, आणि साडेतीन लाखांच्या कोरड्या टबात हात धरायला दांडा आणि पाठ टेकायला जागा मिळून आमची काकी ऐटीत बसली.

इकडे मी तव्यासमोर उभी. कडीचा खटका वाजला. चाळीस रुपयांची ती कडी टबवाल्याने फुकट लावून दिली होती. मग पाण्याचा आवाज, तोही थांबला. मी लाटणं ठेवून भिंतीपाशी गेले. तेवढ्यात भिंतीवर तांब्या ठोकल्याचा आवाज आला.

"गजरा, ऐकी ऱ्हायनी का?"

मी भिंतीला तोंड लावून हो म्हटलं.

"मंग ऐक," काकी म्हणाली, आणि पहिला नंबर माझाच लावला. भिंतीला कान लावून बसणारी मुडदी, उसनी नेलेली साखर वाटीभर आणि परत केलेली पाऊण वाटी. सगळं खरं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि तव्यावरची पोळी करपली. मग शेठ झाले, टबवाला झाला, दीर झाला. आणि मग नणंदेची परात आली. ते वाक्य दिवाळीनंतर तिने जिथे सोडलं होतं, तिथूनच पुढे सुरू केलं.