झेंडा खाली येईना: ग्वाल्हेरला आतोबांची पंचाहत्तरी

मी ग्वाल्हेरला किल्ला बघायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. किल्ल्यासाठी आलेल्यांनी खाली शेवटाकडे उडी मारावी, तिथे एक परिच्छेद ठेवलाय. बाकीच्यांनी माझ्याबरोबर जेवायला बसावं.

झालं असं की डिसेंबरात आत्याचा फोन आला. आत्या ही माझ्या वडिलांची मोठी बहीण. साताऱ्याची मुलगी, लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली त्याला पन्नासेक वर्षं होऊन गेली. "अगं सुन," ती म्हणाली, "ह्यांचा पंचाहत्तरावा आहे जानेवारीत. नंदू सगळ्यांना बार्बेक्यूला घेऊन चाललाय. टेबलावरच शेगडी असते म्हणे. पण ह्या वेळी मी वाढणार नाही, बस. मी बसून खाणार. तू येऊन जा, कोणी साक्षीला तर पाहिजे!"

हे वाक्य किती मोठं आहे ते कळायला तुम्ही त्या घरातले वाढदिवसांचे फोटो बघायला हवेत. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, मधोमध. आजूबाजूला पंगत. आणि फोटोच्या कडेला, चौकटीच्या बाहेरून आत आलेला एक हात, हातात डाव किंवा पळी. तो हात म्हणजे आत्या. माझ्याकडे तिच्या हाताचे भरपूर फोटो आहेत, चेहऱ्याचे फार कमी. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

नाशिकरोडहून संध्याकाळची गाडी धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाल्हेर, असं वेळापत्रक म्हणतं. जानेवारीत वेळापत्रकाला फार मनावर घेऊ नका. झाशीच्या पुढे धुकं असं की खिडकीतून दुसरी खिडकीही दिसेना. सकाळच्या ऐवजी दुपारी पोहोचले. जवळ खायला ठेवा. मी थालीपीठं नेली होती, त्यातली अर्धी समोरच्या बर्थवरच्या काकूंनी कौतुक करत करत संपवली. स्टेशनबाहेर रिक्षावाले पहिला आकडा गंमत म्हणून सांगतात, आपण हसायचं आणि निम्म्यापासून सुरुवात करायची. महाराज बाड्याकडे, म्हणजे जुन्या बाजारचौकात, जायचं असेल तर भरून जाणारे टेम्पोही मिळतात, मात्र बॅग मांडीवर घ्यावी लागते.

आत्याचं घर हरिशंकरपुरममध्ये. दारातच म्हणाली, "इतकी सुकून गेलीस? चल, पहिले चहा पिऊन घे, बाहेर कोहरा किती आहे." आतोबा स्वेटर, मफलर आणि कानटोपीच्या आतून म्हणाले, "या. प्रवास ठीक?" आणि मी उत्तर देण्याआधीच त्यांनी आपले खापरपणजोबा सुरू केले. हे खापरपणजोबा फौजेत निशाण धरत, सगळ्यात पुढे, घोड्यावर. दख्खनहून इथवर निशाण आणलं, पण हातातून कधी खाली येऊ दिलं नाही. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागते, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. आतोबा स्वतः पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि त्यांची एकमेव लढाई थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमधल्या गळक्या नळाशी झाली. ती ते हरले. पण ताठ बसतात मात्र अजूनही.

संध्याकाळी आम्ही पाच जण निघालो: आतोबा, आत्या, त्यांचा मुलगा नंदूदादा, त्याची दहावीतली मुलगी मिठी आणि मी. आत्याने ठेवणीतली जांभळी पैठणी नेसली होती. गाडीत बसताना मला कोपर मारून म्हणाली, "बघ हं आज." मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरूनच बसले.

हॉटेल शहराच्या नव्या भागात, वरच्या मजल्यावर. अशा ठिकाणी जाणार असाल तर टेबल आधी फोन करून ठेवा आणि दुपारी जेवू नका. माणशी एक रक्कम द्यायची आणि पोट म्हणेल तोवर खायचं, असा हिशेब. टेबलाच्या मधे खड्डा असतो, त्यात निखाऱ्यांची शेगडी आणून बसवतात आणि सळ्यांवर पनीर, कोंबडी, मटण, अननस असं काय काय येत राहतं. टेबलावर एक छोटा कागदी झेंडा असतो. झेंडा उभा आहे तोवर सळ्या येत राहणार. पोट भरलं की तो आडवा करायचा, मग सळ्या थांबतात आणि पुढचं जेवण, केक, गोड वगैरे सुरू होतं.

वेटरने हे सगळं नम्रपणे समजावलं आणि शेवटी म्हणाला, "तो सर, जब बस हो जाए, झंडा गिरा दीजिएगा।"

आतोबांची मान हळूच वर झाली. "क्या कर दीजिएगा?"

"गिरा दीजिएगा, सर।"

"बेटा," आतोबा म्हणाले, "हमारे यहाँ झंडा गिरता नहीं है।"

आम्ही हसलो. वेटरही हसला. आतोबा हसले नाहीत, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

पहिल्या सळ्या आल्या. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, अगदी फोटोला बसल्यासारखी. वेटरने एक सळी आतोबांच्या ताटात रिकामी करायला घेतली आणि एक तुकडा ताटाबाहेर पडला. झालं. "भैया, तुम रहने दो, जल जाएगा तुम्हारा हाथ," म्हणत आत्याने चिमटा त्याच्या हातून काढून घेतला.

"माताजी, आप बैठिए, हम कर देंगे."

"तुम्हें क्या मालूम किसको कितना लगता है?" तो रिकामा हात घेऊन मागे सरला. मी म्हटलं, "आत्या, साक्षीदार बसलाय इथे!" तर म्हणाली, "बस, एवढी एक खेप. मग बसते." ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि वाढत सुटली. नंदूदादाला तंगडी, मिठीला अननस, मला सगळंच.

अननसाला तिखट-मीठ लावलेलं होतं, ते नक्की खा. मटणाच्या सीख कबाबवर मी तीनदा हात मारला. मशरूम मला कधीच आवडले नाहीत, इथे आवडले. थोड्या वेळाने मात्र असं झालं की वेटर दिसला की छातीत धस्स व्हावं. झेंडा उभाच. तंगडी परत आली. पनीर परत आलं. नंदूदादाने पट्टा सैल केला.

"आबा, सच्ची में, झंडा नीचे कर दो ना," मिठी म्हणाली. "माझं पोट फुटून जाईल यार."

"खापरपणजोबांनी पाणी न पिता—"

"पण त्यांना कोणी अनलिमिटेड पनीर नव्हतं देत ना!"

नंदूदादाने टिश्यूच्या आडून झेंड्याकडे बोट सरकवलं. आतोबांनी चमच्याने त्या बोटावर टप्पकन मारलं. मग दादाने तडजोड सुचवली. "बाबा, एक काम करू. पूर्ण नको. अर्ध्यावर आणू?"

आतोबांचा घास वाटेतच थांबला. "अर्ध्यावर कधी आणतात, माहीत आहे तुला? अरे, मी बसलोय अजून तुझ्यासमोर!"

मॅनेजर येऊन गेला. "कोई दिक्कत, सर?" आतोबा म्हणाले, "नहीं, बहुत बढ़िया," आणि त्याचा परिणाम म्हणून आणखी सळ्या आल्या. वेटर आमच्या टेबलाकडे बघून आपापसांत काहीतरी पैज लावत असावेत, असा मला संशय आहे.

शेवटी आतोबांच्याच पोटाने शरणागती पत्करली. त्यांनी मफलर काढला, कोटाचं एक बटण सोडलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण उतरवायचा तर इज्जतीने उतरवू. उभे राहा सगळे."

आम्ही उभे राहिलो. मला उभं राहता येत होतं ह्याचंच आश्चर्य वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी आम्हाला ताठ उभं बघितलं, त्यांना काय वाटलं कोण जाणे, तेही उभे राहिले. मग त्यांची सून, मुलगा, नातवंडं, सगळं टेबल. पलीकडचा एक वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला. आतोबांनी हात पुढे नेला आणि दोन बोटांत झेंडा धरला.

"थांबा," आत्या म्हणाली.

ती एकटीच बसलेली होती. चिमटा अजून हातात. "माझं व्हायचंय."

आम्ही तिच्या ताटाकडे बघितलं. अननसाची एक फोड होती, तीही कुणीतरी नको म्हटलेली. बाकी ताट स्वच्छ. मला एकदम रडूच आलं, आणि कबाब इतके झाले होते की रडायलाही जागा नव्हती.

आतोबांनी झेंडा सोडला. ते खाली बसले, आम्ही बसलो. शेजारच्या टेबलाला मी खुणेनेच बसायला सांगितलं. मग आतोबांनी आत्याच्या हातातून चिमटा घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असावा, कारण पहिला पनीरचा तुकडा थेट पाण्याच्या ग्लासात पडला.

"काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"किती?"

"वाढत राहा. मी सांगेन."

आणि ती जेवली! घाई नाही, संकोच नाही. आतोबा एकेक सळी उचलून तिच्या ताटात रिकामी करत होते, निम्मं टेबलावर पडत होतं, ती त्यांना सांगत होती, "अहो, असं नाही, फिरवून काढा," आणि ते फिरवून काढत होते. मिठीने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. वेटर नव्या सळ्या घेऊन धावतच आला. आम्ही तिघं हात पुसून नुसते बसलो होतो आणि कुणालाही उठायची घाई नव्हती.

झाल्यावर आत्याने हात पुसले आणि त्याच हाताने, जाता जाता, करंगळीने तो झेंडा आडवा केला. "झालं माझं. आणा केक." आतोबांनी चिमटा खाली ठेवला. मग वेटर टाळ्या वाजवत आले, गाणं झालं, शेजारच्या आजोबांनीही येऊन केक खाल्ला.

आता किल्ला. दुसऱ्या दिवशी गेले. पायी चढायचं असेल तर ग्वाल्हेर दरवाज्याने जा, गाडीने उरवाई दरवाज्याकडून. उरवाईच्या वाटेवर कड्यात कोरलेल्या उंच जैन मूर्ती आहेत, तिथे गाडी थांबवा. मानमंदिर महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे, ती शोधा. थंडीत आलात तर सकाळी बेडई (डाळ भरलेली खुसखुशीत पुरी) आणि जलेबी, आणि परतताना तिळाची गजक, दोन्ही चुकवू नका. मला त्या दिवशी जलेबीकडे बघवलंसुद्धा नाही, म्हणून चव विचारू नका.

घरी आले ती पित्ताच्या गोळ्या, चार डबे गजक आणि मिठीचा व्हिडिओ घेऊन. डब्यांपैकी एक शेजारी गेला, दोन ऑफिसात. व्हिडिओ मी रोज एकदा तरी बघते. त्यात पूर्ण वेळ आत्याचा चेहरा आहे आणि आतोबांचा फक्त हात दिसतो.

आठवड्याने आत्याला फोन केला. म्हटलं, खरं सांग, कसं होतं जेवण? तर सुरूच झाली. पनीर चिवट होतं. मटणात मीठ कमी. मसाला आतवर गेलेलाच नव्हता. कोंबडी तर तिने घरी ह्याच्या दुप्पट चांगली केली असती. मी म्हटलं, "अगं, मग इतकं खाल्लंस कसं?"

तिकडे तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग आत्या म्हणाली, "गरम होतं गं. विस्तवावरून थेट माझ्या ताटात पडलेलं, लग्नानंतर पहिल्यांदाच खाल्लं."