परक्यांच्या ताटातली भूक

भूक लागत नाही म्हणजे काय, हे मला तेव्हा पटायचंच नाही. पोट आहे म्हटल्यावर भूक लागणारच की! नव्वदच्या दशकातली गोष्ट. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांची भूक जी गेली ती परत आलीच नाही. सुरतच्या बमरोलीत लूमवर उभा जन्म काढलेला धिप्पाड माणूस, पण शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवायला लागली. शाळेत शिकवून घरी आले की मी आधी त्यांचं ताट बघायची. तसंच पडलेलं. मी चिडायची, रडायची, परत वाढायची.

ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात एक डॉक्टर भुकेवर अभ्यास करत होते. पोट भरलं हे माणसाला कसं कळतं, ऑपरेशननंतर ते लवकर का कळतं, असलं काहीतरी. त्यांनी अप्पांना त्या अभ्यासात घेतलं. पेशंटला खोलीत एकट्याला बसवायचं, खिचडी-कढीचं मोजलेलं ताट द्यायचं, भूक असेल तेवढंच खा म्हणायचं. आधी आणि नंतर रक्त काढायचं, उरलेलं अन्न तोलायचं. मी बाहेर बाकावर.

पहिल्याच दिवशी ताट रिकामं बाहेर आलं. कढी सुरती, साखर घातलेली. घरी मी तशी केली असती तर वाटी सरकवून दिली असती त्यांनी. पुढच्या खेपेलाही ताट साफ. डॉक्टर खूश, मी तर हवेत. येताना वांगी घेतली, बेताच्या मिरचीचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली. अप्पांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केलं.

माझं डोकंच फिरलं. साखरेची कढी चालते आणि लेकीच्या हातचं भरीत चालत नाही होय, असं बरंच काही मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग आमच्या अहिराणीत हळूच म्हणाले, "तठे लोकेस्नं अन्न शे, पोरी. टाकता येस का? तुन्हाजोडे खोटं कसाले बोलू?"

परक्याने वाढलेलं टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत; लेकीजवळ मात्र खोटं कशाला? तिथे ते भूक लागली म्हणून खात नव्हतेच. कसेबसे ढकलत होते आणि घरी येऊन पोट धरून पडत होते. मला वाटायचं, रक्त काढल्याचा थकवा असेल.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. अप्पांना पुन्हा नीट समजावलं. अप्पा मान डोलवत राहिले. काही उपयोग नाही, हे मला दिसत होतं. म्हणून त्या खोलीच्या दाराशी मीच हात जोडले. "अप्पा, माझ्यासाठी अन्न टाका."

ताटात शीत राहिलं तर आम्हाला उठू न देणारा हा माणूस, आणि मी त्याला हे सांगत होते.

ताट बाहेर आलं, जवळजवळ भरलेलं. डॉक्टर म्हणाले, आता खरं काय ते कळलं. मी विचारलं, मग भूक परत आणायची कशी? ते म्हणाले, बहेन, ती जाते कशी हेच आम्ही अजून शोधतोय. एवढा जीव आटवून हेच हाती आलं.

मागून अप्पा आले. नर्सकडे बघेनात. माझा हात धरून, चोरी केल्यासारखं खालच्या आवाजात म्हणाले, "अन्न टाकं मी, पोरी."

बरं केलंत, म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार होते?