शेवग्याचा पाला आणि आईचा कप

दुष्काळातली सकाळ आठवली, की प्रथम डोळ्यांपुढे येते ती अ‍ॅल्युमिनियमची किटली... गळ्याशी ओले फडके गुंडाळलेली, कोमट दुधाचा वास दरवळवणारी आणि घरातल्या कुणाच्याही ओठांना न लागणारी. नांदूरघाटाकडच्या आमच्या गावात विहिरींचे तळ उघडे पडले होते. दूध संस्थेची डेअरी तेवढी चालू होती. परसातला शेवगा त्या रखरखाटातही हिरवा होता. बाबा त्याच्या फांद्या आणून टाकीत, आई काळोख्या स्वयंपाकघरात बसून पाला ओरबाडी आणि तो तिळाच्या पेंडीसह म्हशीपुढे जाई — दुधाला फॅट लागावे म्हणून. पाला, तीळ, दूध सारे आईच्या बोटांतून जाई. तिच्या पोटात मात्र भाकरी आणि कोरा चहा. ऊनही तिचे नव्हते. आमच्या घराण्यातल्या सुनांनी दिवसा उंबऱ्याबाहेर बसायचे नाही, अशी रीत होती.

शाळेत बाईंनी एकदा फळ्यावर लिहिले : दूध, तीळ, हिरवा पाला, कोवळे ऊन, चालणे — हाडे यांनी बळकट होतात. मी ते वहीत नीट उतरवले आणि दुसऱ्या सकाळी आईसाठी कपभर दूध फडताळात लपवून किटलीत तेवढेच पाणी ओतले.

डेअरीत सचिवकाकांनी दुधात लॅक्टोमीटर सोडला. काचेची ती नळी रोजच्यापेक्षा खोल बुडाली.

"गावच्या आडात थेंब न्हाई, अन् तुमच्या म्हशीला कुठून पाझर फुटला गं?"

रांग खळखळून हसली. काका हसले नाहीत. "परत असं झालं तर बापाचं नाव संस्थेतनं कमी करावं लागंल, सांग घरी."

दुधासकट परत आलेली किटली पाहून आईने फडताळ उघडले.

"कुणासाठी ठिवलंस?"

"तुझ्यासाठी. हाडं बळकट व्हतात..."

"लई शिकलीस!" ती हसली. कप उचलला, आता पिईल, असे मला वाटले. तिने तो रेडकाच्या तोंडाशी धरला. "हे जगलं तरच म्हैस पान्हवंल, बाई."

बाबांना तिने सांगितले, "किटली विसळल्यालं पाणी तसंच राह्यलं, माझ्याच हातनं." बाबांचे बोलणे ती खाली मान घालून ऐकत राहिली. त्यानंतर मी पुन्हा दुधाला हात लावला नाही...

पुढे मी विज्ञान शिकवू लागले. तीच पाच नावे फळ्यावर लिहिता लिहिता निवृत्त झाले. गेल्या वर्षी आई तांब्या उचलायला वाकली आणि तेवढ्यानेच तिच्या पाठीचा मणका दबला. हाडे पोखरली आहेत, डॉक्टर म्हणाले.

आता ती बीडला माझ्या घरी, भिंतीकडेच्या खाटेवर असते. सकाळी मी तिला दूध पाजते, भाकरीला तिळाची चटणी लावते, शेवग्याच्या पाल्याची भाजी भरवते, हात धरून खाटेपासून दारापर्यंत चालवते. मग खाट खिडकीशी ओढते. कोवळे ऊन तिच्या कपाळावर येते आणि ती पदर पुढे ओढते.

"कुणी बघंल गं."

समोर फक्त कंपाउंडची भिंत असते. मी पदर हलकेच मागे सारते. ती पुन्हा पुढे घेते. दिवसभरात तिचा हात तेवढ्यासाठीच वर जातो.